कोल पोर्टरची पदे आणि एलाचा गळा

नाटकातले पद कधीच एकटे नसते. त्याच्या आधी कोणीतरी काहीतरी बोललेले असते, त्याच्यानंतर काहीतरी घडावयाचे असते, आणि ते ज्याच्या तोंडी घातलेले असते त्या पात्राला नाव, वय, वेष आणि हेतू असतो. प्रेक्षागृहात बसलेल्या मनुष्याला हा सर्व आगापिछा ठाऊक असल्यामुळे पदातील एखादा अगदी साधा शब्दही त्याच्या मनात घर करून जातो. पुढे खेळ बंद होतो, नटसंच पांगतो, पडदे आणि पोशाख वखारीत जाऊन पडतात. पद मात्र लोकांच्या तोंडी राहते. मराठी श्रोत्यांना ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील कित्येक नाट्यपदे रंगमंचावरून उठून मैफलीत जाऊन बसली आणि तेथेच रमली. परंतु आपल्या पदाच्या पाठीशी एक मोठा आधार होता. पात्र गळून पडले तरी राग शिल्लक राहत होता, चीज शिल्लक राहत होती, आणि गवयाला विस्तार करावयास तेवढे भांडवल पुरेसे होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील पदांना असा रागाचा आधार नाही. तेथे संगीतकार जी सुरावट बांधतो ती त्या एका पदापुरतीच असते. मग पात्र गेले, प्रसंग गेला, वेष गेला, म्हणजे त्या पदात उरते तरी काय?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर १९५६ साली हॉलिवूडमधील एका ध्वनिमुद्रणगृहात मिळाले. ते देणारी स्त्री नटी नव्हती आणि ब्रॉडवेच्या रंगभूमीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तिचे नाव एला फिट्झजेराल्ड. जिची पदे ती गायली त्या नाट्यसृष्टीचा निर्माता म्हणजे कोल पोर्टर.

ब्रॉडवेच्या पदाची घडण प्रथम थोडी समजून घेतली पाहिजे. त्या पदाचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिल्याला ‘व्हर्स’ म्हणतात. ही पदाची प्रस्तावना होय. संवाद आणि गाणे ह्यांच्यामधील तो उंबरठा आहे. बोलता बोलता पात्र गाऊ लागते ते येथे. दुसरा भाग ‘कोरस’. तो बहुधा ३२ छोट्या तालखंडांचा असतो, आणि लोक जे गुणगुणतात ते हेच. नाटकात दोन्ही भाग गायले जात; पण पद नाचघरात गेले की प्रस्तावना निरुपयोगी ठरे. नाचणाऱ्या जोडप्यांना प्रस्तावना काय करावयाची? त्यातून त्या काळच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. तेव्हा वाद्यवृंदांनी प्रस्तावना छाटून टाकली आणि शब्दांनाही फारशी किंमत दिली नाही. जॅझ वादकांनी तर ३२ खंडांच्या त्या चौकटीचा केवळ पाया म्हणून उपयोग केला आणि त्यावर आपल्या उपजेचे मजले चढवले. १९३०नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड ह्यांच्यासारख्या आफ्रिकी-अमेरिकन वादकांचे ताफे येऊन गेले आणि गोव्याच्या वादकांनी त्यांच्याकडून ही विद्या उचलली. परंतु तेथेही अमेरिकन गाणी पोचली ती पावलांना ठेका देणारी चाल म्हणून. त्या चालीमागे नाटक आहे ह्याची नाचणाऱ्यांना दादही नसेल.

आता पोर्टरविषयी. तो १८९१ साली इंडियाना प्रांतातील पेरू नावाच्या गावी जन्मला. आजोबा अतिशय श्रीमंत, त्यामुळे पैशाची ददात त्याला कधी पडली नाही. येल विद्यापीठात शिक्षण झाले, हार्वर्ड येथे कायद्याचा अभ्यास सुरू करून सोडला, आणि पुढे कित्येक वर्षे पॅरिस व व्हेनिस येथे राजेरजवाड्यांच्या थाटात घालवली. १९२८ साली ‘पॅरिस’ ह्या नाटकाने ब्रॉडवेवर त्याचा जम बसला तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. त्यानंतर मात्र त्याने मागे वळून पाहिले नाही. १९३२ साली ‘गे डिव्होर्स’, १९३४ साली ‘एनिथिंग गोज’, १९३५ साली ‘ज्युबिली’ अशी नाटके एकामागून एक आली. शब्द आणि सूर दोन्ही एकट्याने रचणारे नाट्यसंगीतकार तेथे थोडेच. पोर्टर त्यांतला एक. त्यामुळे त्याच्या पदात शब्द कोठे संपतो आणि सूर कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड जाते. त्याची भाषा नागर, खट्याळ आणि आतून काहीशी उदास आहे. ज्या गोष्टी भल्या समाजात उघड बोलता येत नाहीत त्या हसत हसत, अर्थावर अर्थाचे पांघरूण घालून सांगण्यात त्याचा हातखंडा होता. त्याला पुरुषांचे आकर्षण होते आणि त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट झाकून ठेवावी लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या पांघरुणाचे मर्म अधिक कळते.

१९३७ साली घोडा अंगावर पडून त्याचे दोन्ही पाय चिरडले. त्यानंतर तीसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, वेदना जन्मभर पुरली. तरीही १९४८ साली त्याने ‘किस मी, केट’ लिहिले आणि त्याचे एक हजार सत्त्याहत्तर प्रयोग झाले. १९५६ साली मात्र ब्रॉडवेवरील त्याची कारकीर्द संपत आली होती. पुढे दोनच वर्षांनी त्याचा उजवा पाय कापावा लागला, आणि त्यानंतर १९६४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने एकही पद रचले नाही.

आणि एला? तिच्या बालपणात व्हेनिसचे प्रासाद नव्हते. १९१७ साली व्हर्जिनियात जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी न्यूयॉर्कजवळील याँकर्स गावी वाढली. १९३२ साली आई वारली. पुढे शाळा सुटली, सुधारगृहात रवानगी झाली, तेथून ती निसटली, आणि हार्लेमच्या रस्त्यांवर निराधार स्थितीत तिने दिवस काढले. १९३४ सालच्या नोव्हेंबरात हार्लेममधील अपोलो नाट्यगृहात नवशिक्यांच्या स्पर्धेसाठी ती गेली ती नाचावयास. ऐन वेळी तिचे अवसान गळाले, आणि नाचाऐवजी तिने गाणे म्हटले. पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी ढोलवादक चिक वेब ह्याच्या वाद्यवृंदात ती दाखल झाली, आणि १९३८ साली एका बालगीतावर बांधलेल्या गाण्याने तिचे नाव सर्व अमेरिकेत झाले. वेब १९३९ साली निवर्तल्यावर बावीस वर्षांच्या ह्या मुलीच्या नावाने तो वाद्यवृंद चालू राहिला.

१९५०च्या सुमारास तिची कीर्ती होती ती ‘स्कॅट’साठी. स्कॅट म्हणजे निरर्थक अक्षरांवर गायलेली उपज. आपल्या तराण्याची आठवण कोणासही होईल, परंतु तराण्याची अक्षरे ठरलेली असतात, स्कॅटमध्ये गाणारा ती जागच्या जागी घडवतो आणि ट्रंपेटाशी, सॅक्सोफोनशी चक्क स्पर्धा करतो. एलाचा गळा ह्यात असा फिरे की मोठमोठे वादक तोंडात बोट घालीत. पण मोठ्या नाटकगृहांत आणि सभ्य गृहस्थांच्या दिवाणखान्यांत जे ऐकले जाई ते हे नव्हे, आणि कृष्णवर्णीय गायिकेने जॅझच्या अड्ड्यांतच राहावे अशी व्यवसायाची रीत होती.

ही रीत मोडण्याचे नॉर्मन ग्रँझ ह्याने मनावर घेतले. ग्रँझ हा जॅझच्या मैफली भरवणारा. प्रेक्षागृहात गोऱ्या-काळ्यांस वेगळे बसवावयाचे असेल तर मैफल होणार नाही, अशी त्याची करारातील अट असे. हा हट्ट फुकटाफाकटी चालत नसे. ७ ऑक्टोबर १९५५ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे अशीच मिश्र प्रेक्षकांची मैफल चालू असता पोलीस एलाच्या वेषगृहात शिरले आणि तेथे फासे खेळले जात असल्याच्या आरोपावरून त्यांनी तिला, डिझी गिलेस्पीला, इलिनॉय जॅकेला आणि स्वतः ग्रँझलाही पकडून नेले. जामीन भरून मंडळी परत आली आणि दुसरा खेळ पार पडला. हा प्रसंग आणि पोर्टरच्या पदांचे ध्वनिमुद्रण ह्यांच्यात अवघ्या चार महिन्यांचे अंतर आहे. ती पदे ऐकताना हे स्मरणात असलेले बरे, कारण तबकडीवरील त्या मोकळ्या, निर्मळ आवाजात ह्यातले काहीएक ऐकू येत नाही.

१९५६च्या आरंभी एला ग्रँझच्या नव्या ‘व्हर्व्ह’ कंपनीकडे आली आणि त्या कंपनीचे पहिलेच मोठे काम म्हणून पोर्टरची बत्तीस पदे दोन दीर्घ तबकड्यांवर उतरवण्यात आली. दीर्घ तबकडी १९४८ साली निघाली होती. तिच्यामुळे तीन मिनिटांचा जाच संपला आणि एका संगीतकाराचे काम सलग मांडणे प्रथमच सोयीचे झाले. फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील मोजक्या दिवसांत हे ध्वनिमुद्रण उरकले. वाद्यवृंदाची मांडणी बडी ब्रेगमन ह्या पंचविशीतील तरुणाकडे होती.

ह्या तबकड्यांवर एला जे करते ते पाहण्यापूर्वी ती काय करीत नाही हे पाहावे. ती अभिनय करीत नाही. ‘एनिथिंग गोज’मध्ये ही पदे गाणारी एथेल मर्मन ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकी. तिचे प्रत्येक अक्षर कमरेवर हात ठेवून उभे असल्यासारखे वाटे. एला तसे काही करीत नाही. ती स्कॅटही जवळजवळ करीत नाही. ज्या कलेत तिचा हात धरणारा कोणी नव्हता तीच तिने दाराबाहेर ठेवली. राहिले काय? अचूक स्वर, सहज लय, आणि काचेसारखे स्वच्छ उच्चार. ध्वनिमुद्रणे पोर्टरला ऐकवली तेव्हा त्याने सर्वप्रथम ह्या मुलीच्या शब्दोच्चाराची तारीफ केली असे सांगतात. कित्येकांना ही दाद थंड वाटली आहे. वास्तविक जो स्वतःचे शब्द स्वतःच रचतो, आणि ज्याचे शब्द गेली वीस-पंचवीस वर्षे नाचघरांच्या गोंगाटात बुडाले होते, त्याने ह्याहून मोठी दाद कोणती द्यावी?

छाटून टाकलेल्या प्रस्तावना ह्या तबकड्यांवर पुष्कळ ठिकाणी परत आल्या. ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’ हे पद सर्वांस ठाऊक होते, पण त्याच्या आरंभी इतिहासातील आणि कथांतील प्रसिद्ध प्रेमिकांनी एकमेकांचा निरोप कसा घेतला ह्याची गमतीदार यादी आहे, हे किती जणांना माहीत होते? ती यादी ऐकली म्हणजे पुढील पदातील बेफिकिरी ही उसनी आहे, मोडलेल्या मनाने धारण केलेला तो मुखवटा आहे, हे उलगडते. ‘नाइट अँड डे’ची प्रस्तावना ह्याहून विलक्षण आहे. तीत एकच स्वर तीसाहून अधिक वेळा येतो. ढोलाचा ठोका, घड्याळाची टिकटिक, पावळणीचे थेंब असे एकामागून एक दाखले शब्दांत येतात, आणि त्या सर्वांखाली तोच एक स्वर ठोकत राहतो. खाली वाद्यांतील स्वरसंघ मात्र सरकत असतो. जमीन हलते आणि मनुष्य जागचा हलत नाही असा भास होतो. १९३२ साली हे पद प्रथम फ्रेड अस्टेअरने गायले. त्याच्या गळ्याचा पल्ला लहान होता. एलाला अशी अडचण नव्हती, आणि तरीही तो एक स्वर ती कोणताही अलंकार न चढवता सरळ म्हणते. अलंकाराचा मोह ज्याला सहज शक्य आहे त्याने तो आवरावा ह्यात एक निराळेच सामर्थ्य आहे.

१९४४ सालच्या ‘एव्हरी टाइम वुई से गुडबाय’ ह्या पदात एक कारागिरी आहे. विरहाच्या वेळी सुरावट आनंदी मेजरमधून खिन्न मायनरमध्ये कशी जाते असा उल्लेख शब्दांत येतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी वाद्यांतील स्वरसंघात एक शुद्ध स्वर कोमल होतो. हे स्थळ आले की श्रोत्याला कोपराने खुणावण्याचा, म्हणजे आवाज कापरा करण्याचा किंवा क्षणभर थांबण्याचा मोह पुष्कळ गायिकांना झाला आहे. एला काहीच करीत नाही. ती नुसती त्या स्वरावर नेमकी उतरते आणि पुढे जाते. पोर्टरने जे केले आहे तेच तेथे ऐकू येते.

परंतु ह्या संयमाची किंमतही मोजावी लागली आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘यू आर द टॉप’ हे पद म्हणजे दोन पात्रांची चढाओढ. हा तिची स्तुती करतो, ती त्याची करते, आणि दोघांच्या उपमा उत्तरोत्तर अतर्क्य होत जातात. एका गळ्यातून हे सारे आले की चढाओढ संपते आणि केवळ यादी उरते. तबकडीवर हे पद चांगले गायलेले आहे, इतकेच म्हणता येईल. ब्रेगमनची पितळी वाद्येही काही ठिकाणी उगाच आरडाओरडा करतात. तरुण मनुष्याला आपली हुषारी दाखवण्याची घाई झालेली असते, त्यातलाच हा प्रकार. जाणत्या टीकाकारांनी ह्यापुढे जाऊन असा आक्षेप घेतला की, एलाला शब्दांचे दुःख कळतच नाही, ती दुःखाचे पद आणि सुखाचे पद सारख्याच प्रसन्नतेने गाते. मग ते बिली हॉलिडेचे उदाहरण देत. बिलीच्या तोंडी सामान्य पदही आत्मचरित्र होऊन बसे हे खरे. पण त्यात पद रचणाऱ्याला फारशी जागा उरत नसे, हेही तितकेच खरे. ह्या आक्षेपाचा खरा विचार दोन पदांपाशी थांबून केला पाहिजे.

पहिले ‘लव्ह फॉर सेल’. १९३० सालच्या ‘द न्यूयॉर्कर्स’ ह्या नाटकात रस्त्यावर उभी असलेली एक वेश्या हे पद गाते आणि आपला माल म्हणून प्रेम विकावयास काढते. नाटक सुरू झाले तेव्हा कॅथरिन क्रॉफर्ड ही गोरी नटी ते गात असे, आणि देखावा एका उंची उपाहारगृहासमोरचा होता. वृत्तपत्रांनी गहजब केला. तेव्हा चालकांनी पद काढले नाही. त्यांनी देखावा बदलून हार्लेममधील कॉटन क्लबसमोरचा केला आणि पद एलिझाबेथ वेल्श ह्या कृष्णवर्णीय गायिकेस दिले. गहजब ओसरला. गोऱ्या स्त्रीच्या तोंडी जे असभ्य ठरले ते काळ्या स्त्रीच्या तोंडी खपले! अमेरिकन नभोवाणीने मात्र त्याच्या शब्दांना वर्षानुवर्षे थारा दिला नाही. सुरावट तेवढी वाजत असे.

पंचवीस वर्षांनी ज्या हार्लेममध्ये तो खोटा देखावा उभारला होता त्याच हार्लेमच्या रस्त्यांवर दिवस काढलेली गायिका हे पद गाऊ लागली. तिने काय करावे? वेश्येचे सोंग आणावे तर चालकांनी लावलेला तो डाग पुन्हा उजळला असता. अश्रू ढाळावेत तर पोर्टरच्या कोरड्या, बोचऱ्या शब्दांची धार बोथट झाली असती. एला दोन्ही टाळते. प्रस्तावनेतील निर्मनुष्य रस्ता, पोलिसाची पावले, वरून पाहणारा चंद्र हे सर्व ती शांतपणे सांगते आणि पुढचा तो बाजारातला पुकारा बाजारातल्या पुकाऱ्यासारखाच, काहीही न सुचवता, करते. त्यामुळे लाज गाणाऱ्या बाईकडे न राहता ऐकणाऱ्याकडे येते. टीकाकार ज्याला भावनेचा अभाव म्हणतात त्याचेच हे फळ आहे.

दुसरे पद ‘मिस ओटिस रिग्रेट्स’. ह्याचे सोंग श्रीमंती शिष्टाचाराचे आहे. भोजनास बोलावलेल्या मिस ओटिस येऊ शकत नाहीत, ह्याबद्दल त्या दिलगीर आहेत, असा निरोप एक सेवक यजमानीणबाईंना देतो. का येऊ शकत नाहीत, ते तो हळूहळू, अदब न सोडता उलगडतो. मिस ओटिसने फसवणाऱ्या प्रियकराला गोळी घातली, जमावाने तिला तुरुंगातून ओढून बाहेर काढले आणि झाडाला फासावर लटकवले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच भोजनाचा निरोप. पोर्टरच्या मंडळींत, पॅरिसच्या रात्रींत हा एक क्रूर विनोद होता, आणि तो विनोद म्हणूनच ठिकठिकाणी गायला जाई. पण अमेरिकेत जमावाने झाडाला लटकवलेल्या हजारो माणसांत बहुसंख्य माणसे कृष्णवर्णीय होती. एलाने हे पद ध्वनिमुद्रित केले त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी प्रांतात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला होता आणि गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष म्हणून सोडून दिले होते. तिच्या मनात हे होते की नव्हते ह्याविषयी तर्क करण्याचे प्रयोजन नाही. इतके मात्र दिसते की, ज्या पदात हसण्याची सोय आहे तेथे ती हसत नाही. सारा वाद्यवृंद बाजूला सारला आहे, साथीला पियानो तेवढा आहे, आणि ती निरोप्याच्या अदबीने निरोप देते. यजमानीणबाईंना ‘मॅडम’ म्हणून संबोधणारा तो आवाज अमेरिकेच्या घराघरांत खरोखरच काळ्या नोकराणींचा होता. पोर्टरच्या पदातील सेवक ह्या तबकडीवर प्रथमच सेवकांच्या बाजूने बोलतो असे वाटते.

तेव्हा पात्र गेल्यावर पदात काय उरते, ह्याचे उत्तर एकच नाही. ‘यू आर द टॉप’मध्ये पात्रे गेली आणि पद लंगडे झाले. ‘लव्ह फॉर सेल’मध्ये पात्र गेले, आणि पात्राच्या आडून चाललेली लबाडीही गेली.

तबकड्यांचा खप अफाट झाला. हे आपल्या आयुष्यातील वळण ठरले असे पुढे एलानेच सांगितले आहे. मग ग्रँझने हाच क्रम पुढे चालवला: रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरोल्ड आर्लेन, जेरोम कर्न, जॉनी मर्सर. १९६४ पर्यंत अशी आठ गीतपुस्तके तयार झाली. एलिंग्टन सोडला तर ही बहुतेक नाटकांची आणि बोलपटांची दुनिया. आज ज्याला अमेरिकेचा अभिजात गीतसंग्रह म्हणून मान दिला जातो त्याची ओळख घरोघर करून देण्यात ह्या तबकड्यांचा वाटा फार मोठा आहे. पोर्टरच्या पदांच्या तबकड्या २००३ साली अमेरिकन राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात घेण्यात आल्या.

ह्या आठांपैकी गर्श्विनचा संग्रह, १९५९ सालचा, पाच तबकड्यांचा आहे, आणि त्यातील एका पदाची हकिगत सांगण्याजोगी आहे. ‘ओ, लेडी बी गुड’ हे १९२४ सालच्या नाटकातले पद. त्या नाटकात एक वकील नायिकेची मनधरणी करण्यासाठी ते गातो. १९४७ साली एलाने ते उचलले आणि शब्द पार उधळून देऊन द्रुत लयीत त्याचा असा काही स्कॅट केला की, मूळ पद ओळखणे मुष्कील व्हावे. बारा वर्षांनी तीच गायिका तेच पद विलंबित लयीत, शब्दन् शब्द जपत, तंतुवाद्यांच्या साथीवर गायली. वकील पहिल्यातही नाही आणि दुसऱ्यातही नाही. पण दुसऱ्यात कोणीतरी कोणाचीतरी काकुळतीने विनवणी करीत आहे हे मात्र स्पष्ट ऐकू येते.

इतके शब्द जपणारी ही गायिका एकदा भर सभेत शब्द विसरली. तारीख होती १३ फेब्रुवारी १९६०, स्थळ पश्चिम बर्लिनमधील डॉइचलँडहाले हे प्रचंड सभागृह, आणि पद ‘मॅक द नाइफ’. हे पद बर्लिनचेच अपत्य. १९२८ साली तेथील शिफबाउअरडाम नाट्यगृहात बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल ह्यांचे ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगभूमीवर आले. त्यात आरंभी एक रस्त्यावरचा गाणारा मॅक नावाच्या दरोडेखोराच्या गुन्ह्यांचा पाढा वाचतो, तेच हे पद. ते ऐन वेळी घाईने नाटकात घातले होते. १९३३ साली वाइलला जर्मनी सोडून पळावे लागले आणि १९५० साली तो न्यूयॉर्क येथे वारला. पदाने मात्र इंग्रजी पोशाख चढवला, १९५५ साली लुई आर्मस्ट्राँगच्या आणि १९५९ साली बॉबी डॅरिनच्या गळ्यातून ते जगभर गेले, आणि एलाबरोबर जन्मगावी परत आले. मूळ नाट्यगृह तोपर्यंत शहराच्या पूर्व भागात गेले होते.

आपल्याला शब्द आठवतील अशी आशा आहे, असे ती आरंभीच थट्टेने म्हणते. काही कडवी नीट जातात. मग शब्द संपतात. लय चालू आहे, साथीदार वाजवीत आहेत, हजारो माणसे ऐकत आहेत. एला थांबत नाही. पुढचे शब्द काय होते ते आपल्याला आठवत नाही, हेच ती यमक साधून, तालात, त्याच चालीवर गाऊ लागते. डॅरिनने हे गायले, लुईने गायले, आणि आता एला आणि तिचे साथीदार ह्या पदाचा चुराडा करीत आहेत अशा अर्थाची नवी कडवी ती उभ्या उभ्या जुळवते, मध्येच आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते, आणि सभागृह डोक्यावर घेतले जाते. पोर्टरच्या बत्तीस पदांत जिने एकदाही पात्र उभे केले नाही, तिने शब्द हरवताच एक पात्र उभे केले. तेही रस्त्यावर उभ्या राहून लोकांना गोष्ट सांगणाऱ्या, त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्या गवयाचे, म्हणजे जवळजवळ ब्रेख्त आणि वाइल ह्यांनी मुळात कल्पिले होते त्याच जातीचे.

ग्रँझने ती चूक पुसली नाही. मैफलीची तबकडी जशीच्या तशी बाजारात आली, आणि १९६१ साली ग्रॅमीची पारितोषिके जाहीर झाली तेव्हा ह्या एका पदासाठी एक आणि संपूर्ण तबकडीसाठी दुसरे अशी दोन्ही एलाला मिळाली. पुढे कित्येक वर्षे ती जेथे जाई तेथे श्रोते ‘मॅक द नाइफ’ची फर्माईश करीत.